चार्जिंग अर्ध्यावर का थांबायचं

प्रिय गुंड्या,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, एवढंच कारण आहे. माझं वाक्य सुरू झालं की तुझं "बरं, ते जाऊ दे आई" सुरू होतं आणि मग तुझ्या मीटिंगची वेळ होते. कागदाला मीटिंग नसते. तेव्हा डबा खाऊन झाला की निवांत बस आणि हे सगळं वाच. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान बघायची तुझी खोड आहे, ती इथे करू नकोस.

आधी बातमी सांगते. गाडीचं चार्जिंग सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर आपोआप बंद पडायचं, त्याचा दोष सापडला. गेले कितीतरी आठवडे त्या दोषाने माझ्या नाकी नऊ आणले होते, आणि हे सगळं कशासाठी ते तुला माहीत आहे. अर्ध्या चार्जिंगवर मी बाजारात जाऊ शकते, बँकेत जाऊ शकते, पण डोंगरापलीकडे मावशीच्या गावाला पोचू शकत नाही. तिथे जायला गाडी काठोकाठ भरलेली लागते, कारण चढावर बॅटरी भराभर उतरते आणि वाटेत चार्जिंगची सोय नाही. येत्या गुरुवारी मावशीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ती एकटी राहते, तिला आणायला-न्यायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि या वेळी मी तिच्याबरोबर असणार आहे.

"या वेळी" असं मी मुद्दाम म्हणतेय. पहिल्या डोळ्याच्या वेळी काय झालं ते तुला मी फोनवर सांगितलं होतं, पण तू बहुतेक तेव्हा दुसरं काहीतरी वाचत होतास. आदल्या दिवशी सकाळी गाडी लावली, हिरवा दिवा लागला, मी आत जाऊन माझी बॅग भरली. दुपारी बघते तर दिवा विझलेला आणि गाडी अर्धीच भरलेली. वायर काढली, पुन्हा लावली, थोडा वेळ चाललं, पुन्हा बंद. संध्याकाळपर्यंत हाच खेळ. सकाळी सातला मावशीला दवाखान्यात पोचायचं होतं. ती शेजारच्या दुकानदाराच्या टेम्पोत, कांद्याच्या पोत्यांशेजारी बसून गेली आणि डोळ्यावर पट्टी बांधून तशीच परत आली. रात्री तिने फोन केला. रागावली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "ताई, तू येणार म्हणाली होतीस." लहानपणी इंजेक्शन घेताना तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखांचे व्रण उठले होते. त्या मुलीला मी टेम्पोत पाठवलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी तिला फोन करू शकले नाही.

मग मी त्या दोषाच्या मागे हात धुऊन लागले. तू मदतीला होतासच. रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा, आज काय तपासलंस म्हणून. तू म्हणालास, आई, बहुतेक अर्थिंग नीट नाही. म्हणून वायरमनला बोलावलं. आपला तोच, ज्याला सगळी गल्ली "झालंच समजा" म्हणून ओळखते, कारण कुठलंही काम सांगितलं की त्याच्या तोंडून हेच निघतं. त्याने मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा उकरला, माझी दोन गुलाबाची झाडं त्यात गेली, नवीन पट्टी टाकली आणि म्हणाला, "काकू, झालंच समजा." दुसऱ्या दिवशी चार्जिंग पुन्हा अर्ध्यावर थांबलं. तू म्हणालास, मग न्यूट्रलची वायर सैल असेल. त्याने बोर्ड उघडून एकूण एक स्क्रू आवळला. तू म्हणालास, गीझर आणि इस्त्री एकदम चालू असतात का, लोड जास्त होत असेल. मी आठवडाभर थंड पाण्याने अंघोळ केली आणि चुरगळलेल्या साड्या नेसले. तू म्हणालास, वायर तापत असेल. मी वायरीवर हात ठेवून बसले, ती कोमट होती, चहाच्या रिकाम्या कपाइतकी. शेवटी तू म्हणालास की हा वायरमनच चोर आहे, मुद्दाम काम अर्धवट ठेवतो, त्याला काढून टाक. मी त्याला सगळ्या गल्लीसमोर बोलले. तो बिचारा टेस्टर खिशात ठेवून निघून गेला, "झालंच समजा" न म्हणता.

तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते, तुझ्या आईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्टच्या टेबलावर नोकरीची सगळी वर्षं काढली आहेत. लोक ओरडत यायचे, लाइन तुटते, खरखर येते, मध्येच बंद पडते. आमच्या साहेबीण बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की दोष तीनच ठिकाणी असू शकतो: आपल्याकडे, वाटेत किंवा पलीकडे. आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि न कळता गेलेला दोष परत येतो. मी तुझ्या सल्ल्यांनी आपल्याकडचं सगळं तपासलं, वाटेतलं सगळं तपासलं. पलीकडे बघायचं मला सुचलंच नाही. भिंतीवरच्या चार्जरच्या डब्याला पलीकडे काय असणार, असं मला वाटलं.

हा डबा बाबांच्या वेळी बसवला ते आठवतं ना? गाडी घेतली तेव्हा बाबा किती खूश होते. पण फोनमधलं त्यांना काही कळायचं नाही आणि माझ्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता. तू दोन दिवस रजा घेऊन आलास, डबा भिंतीवर लावून घेतलास, त्याचं अ‍ॅप तुझ्या फोनवर घेतलंस आणि आम्हाला म्हणालास, तुम्ही त्या भानगडीत पडू नका, नुसती वायर लावा आणि हिरवा दिवा बघा. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिवा दाखवायचे आणि सांगायचे, मुलगा तिकडे ऑफिसात बसून इथलं सगळं बघतो. मलाही तेव्हा कौतुक वाटायचं. ते गेल्यावर गाडी वर्षभर आच्छादनाखाली उभी होती. आयुष्यभर मी तिच्या, तिच्या आधीच्या आणि त्याच्याही आधीच्या गाडीच्या डाव्या सीटवर बसले, पाण्याची बाटली दिली, संत्र्याच्या फोडी सोलून दिल्या, रस्ता चुकल्यावर गप्प बसले. मग एक दिवस आच्छादन काढलं आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या दणकट बाईंकडे नाव घातलं. लायसन हातात आलं त्या दिवशी मी गाडी नुसती गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली, आणि घरात येऊन पोटभर रडले. आनंदाने रडले, कारण घराबाहेर पडायला मला आता कुणाची वाट बघायची गरज नव्हती. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग तो फाटकाचा खांब आला. गाडी आत घेताना डावी बाजू घासली, हे खरं आहे. तू तेव्हा सुट्टीत आला होतास आणि तो ओरखडा बघून तुझा चेहरा असा झाला, जणू मी कुणाला तरी उडवूनच आलेय. बाबांनी तोच खांब कितीदा घासला, प्रत्येक वेळी खांब चुकीच्या जागी होता. मी एकदा घासला तर माझं वय झालं. तू जेवताना म्हणालास, गाडी विकून टाकू, तुला लागेल तेव्हा टॅक्सी मागव. मी नाही म्हणाले. तू मावशीच्या गावाच्या रस्त्यावरची वळणं मोजून दाखवलीस, मी तरी नाहीच म्हणाले. मग तू एकदम म्हणालास, "ठीक आहे आई, तुझी मर्जी." तू इतक्या लवकर ऐकतोस हे पाहून मी सुनेला म्हणाले देखील की हा शहाणा झाला. ती काही बोलली नाही. तिला काय माहीत आहे आणि काय नाही ते मी विचारणार नाही. तो तुमच्या दोघांमधला मामला आहे.

आता दोष कसा सापडला ते ऐक. ऑपरेशननंतर मावशीच्या पहिल्या डोळ्याची तपासणी होती, मी तुला दोन दिवस आधी संध्याकाळी सांगितलं होतं की उद्या गाडी भरते आणि परवा निघते. दुसऱ्या दिवशी गाडी लावली आणि मला पडद्यांना शिवण घालायची होती. शिलाई मशीनला प्लग मिळेना म्हणून इंटरनेटच्या राउटरचा प्लग काढला आणि मशीन लावलं. संध्याकाळी बाहेर येऊन बघते तर गाडी पूर्ण भरलेली. आनंदाने टाळ्या वाजवायच्याच काय त्या राहिल्या होत्या. सकाळी उठून मावशीकडे गेले, तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, आम्ही दोघींनी तिच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलले. तिथून तुला फोन केला. तू म्हणालास, "अगं, गेलीस कशी?"

एक्स्चेंजमध्ये आम्ही लोकांच्या आवाजावरून लाइन ओळखायचो, गुंड्या. पोचलीस का, असं तू विचारलं नाहीस. सुखरूप आहेस ना, असंही नाही. गेलीस कशी, असं विचारलंस, जणू मी कुलूप लावलेल्या खोलीतून बाहेर आले होते. परत येताना सगळा घाट तो एक शब्द माझ्या डोक्यात फिरत होता, तरी गाडी मी नीट चालवली.

घरी आल्यावर वायरमनकडे गेले. त्याच्या दारात उभं राहून त्याची माफी मागितली, कारण तेवढं मला राउटरवरून कळलं होतं की दोष त्याच्या वायरीत नाही. तो म्हणाला, काकू, हा डबा इंटरनेटवरून हुकूम घेतो, राउटर बंद असला की त्याला कुणाचं ऐकू येत नाही, मग तो आपलं काम गुपचूप पूर्ण करतो. हुकूम कुणाचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला अंदाज आला होता, पण अंदाजावर मी कधी कुणाची लाइन कापली नाही. तेव्हा साहेबीण बाईंच्या पद्धतीने गेले. राउटर चालू ठेवला, गीझर चालू ठेवला, इस्त्रीही केली. बदलली फक्त एक गोष्ट. तुला काही सांगितलं नाही. गाडी काठोकाठ भरली. दोन दिवस बाजारात आणि इकडे तिकडे फिरवून ती पुन्हा उतरवली आणि मग तुला फोन करून सांगितलं, उद्या गाडी भरते, परवा मावशीकडे जाते. तू म्हणालास, "सावकाश जा हं." दुसऱ्या दिवशी मी गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले. तुमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी होते त्या सुमाराला, माझ्या डोळ्यांसमोर, हिरवा दिवा विझला. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो, म्हणून सगळं पुन्हा केलं. न सांगता भरली, सांगितल्यावर थांबली. संध्याकाळी तुझा फोन आला, "काय गं, पुन्हा थांबलं का? मग राहू दे ना या वेळी."

मी "हो रे, राहू दे" म्हणाले आणि फोन ठेवला. राग किती आला ते लिहून सांगता येणार नाही, तरी सांगते. तू मला अडवलंस याचा राग कमी आहे. मुलं आईला अडवतात, आईही मुलांना अडवते, मी तुला मोटारसायकल घेऊ दिली नव्हती. पण मी दारात उभी राहून नाही म्हणाले होते. तू माझ्याशी भांडलास, जेवला नाहीस, पण नाही कोण म्हणतंय ते तुला माहीत होतं. तू मात्र मला अर्थिंगचा खड्डा खणायला लावलास. मी वायरीवर हात ठेवून बसले असताना, थंड पाण्याने अंघोळ करताना, एका माणसाला चोर म्हणताना, रोज संध्याकाळी काळजीच्या आवाजात "आज काय तपासलंस" विचारणारा तूच होतास. आणि मावशी टेम्पोतून गेली. त्या दिवशीही अ‍ॅपमधलं बटण तूच दाबलंस, ऑपरेशन आहे हे माहीत असताना. तुला वाटलं असेल, कुणीतरी नेईल तिला. नेलं कुणीतरी. तिची ताई मात्र तिच्याजवळ नव्हती.

तू हे का केलंस ते मला कळतं. बाबा गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात तू माझा हात सोडला नव्हतास, मला आठवतं. तुला वाटतं, आता एकच उरली आहे आणि ती वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी घेऊन जाते. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. म्हणूनच गेल्या आठवड्यात डोळे तपासून घेतले, लांबचं चांगलं दिसतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना शेजारी बसवून मावशीच्या गावापर्यंत जाऊन आले. त्या कुणाची भीड ठेवत नाहीत, वळणावर हॉर्न कमी वाजवते म्हणून माझ्यावर खेकसल्या, आणि परत आल्यावर म्हणाल्या की तुमच्या निम्म्या वयाची पोरं एवढी सांभाळून चालवत नाहीत. एक दिवस असा येईल की माझी नजर किंवा हात दगा देतील. तो दिवस मी ओळखेन, मला न कळला तर तू माझ्यासमोर बसून सांग. मी भांडेन, एक वेळ जेवणार नाही, पण ऐकेन. चोरून माझा दिवा विझवलेला मी खपवून घेणार नाही, तू माझा मुलगा असलास तरी. आणि या घरी पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी वायरमनच्या दारात जायचंस. त्याला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. त्याने तुला ओट्यावर बसवून चहा दिला तर तो प्यायचास, आणि नाही दिला तरी राग मानायचा नाहीस.

हे सगळं मी पुढच्या वेळी तू आल्यावर तोंडावर सांगणारच होते. पण पत्र आजच लिहायला बसले आणि कुरियरने तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण ते तुला बुधवारी दुपारच्या आत मिळायला हवं. बुधवारी मी गाडी लावणार आहे, हे काल मी तुला फोनवर सांगितलं आहे, मुद्दाम. जेवणाच्या सुट्टीत तू फोन हातात घेशील. आपल्या घरच्या डब्याचं चित्र तुला करडं दिसेल, बटण दाबलंस तरी काही होणार नाही, आणि तू घाबरशील, आईला काही झालं का, घराला आग लागली का, म्हणून शेजाऱ्यांना फोन लावत सुटशील. तसं करू नकोस. आग लागलेली नाही, तुझा फोनही बिघडलेला नाही. मी डब्याचं खालचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं, कंपनीच्या मदतीच्या नंबरवरची मुलगी सांगत गेली तसं करत गेले, आणि तो डबा माझ्या फोनवर, माझ्या नावाने घेतला. तुला त्यातून काढलं आहे. घरातून काढलेलं नाही, तुझी खोली झाडून ठेवली आहे, कधीही ये. गुरुवारी पहाटे मी निघते. पोचले की फोन करीन. तोवर तू करू नकोस, गाडी चालवताना मी फोन उचलत नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आई